शेवटची दहा पावलं

१

गुरुवारी सकाळचा चहा झाला की व्हर्ना टलॉक फेरी पार्कात डबा बघायला जायची. डबा म्हणजे जेवणाचाच, प्लास्टिकचा, घट्ट झाकणाचा. बार्बेक्यूच्या मागे जी बुटकी दगडी भिंत आहे, तिच्या फटीत तो खुपसलेला असे. आत सह्यांची चोपडी, पेन्सिलीचं थोटूक आणि लोकांनी ठेवलेल्या चिल्लर वस्तू. या खेळाला जिओकॅशिंग म्हणतात. कुणीतरी डबा लपवून त्या जागेचे अक्षांश-रेखांशाचे आकडे संकेतस्थळावर टाकतो, आणि कुठले कुठले लोक ते आकडे हातातल्या जीपीएस यंत्रात घालून बाणामागून चालत येतात. डबा सापडला की सही करायची, एखादी वस्तू घेतली तर तिच्या तोडीची दुसरी ठेवायची, आणि डबा होता तिथे लपवून गुपचूप निघून जायचं. बक्षीस नाही, टाळ्या नाहीत. व्हर्नाची बहीण म्हणे, मोठ्या माणसांना झुडपांत तोंड खुपसायला निमित्त लागतं, दुसरं काय.

खरं तर हे खूळ मर्व्हचं, व्हर्नाच्या नवऱ्याचं. जन्मभर विजेच्या खांबांवर चढलेला माणूस निवृत्तीनंतर घरात मावेना, तेव्हा त्यानं हा उद्योग शोधला. त्याचा डबा हिरव्या पत्र्याचा, लष्करी जमान्यातला होता. नदीच्या काठावर एक थोरला रेड गम, म्हणजे निलगिरीच्या जातीचं झाड, होता, त्याच्या मुळांत त्यानं तो साखळीनं बांधून ठेवला होता. आत ठेवायला तो स्वतः रेड गमच्याच लाकडाचे बोटभर मासे कोरायचा. तापल्या खिळ्यानं डोळा पाडायचा, आणि शेपूट का कोण जाणे नेहमी डावीकडे कलायचं. मासा पुरा झाला की त्यावरचा भुसा फुंकायचा आणि स्वतःशीच "हं" म्हणायचा. त्या "हं"चा व्हर्नाला तेव्हा राग यायचा.

दोन हिवाळ्यांमागे पूर आला. डबा काढून आणतो, पाच मिनिटांत येतो, असं सांगून मर्व्ह गेला आणि झाड, काठ, डबा, मर्व्ह, सगळं एकदमच गेलं. गाडी सापडली, थर्मास सापडला. नदीनं मर्व्हला काही परत दिलं नाही. दफनभूमीत दगड बसवून घे, असं सगळ्यांनी सांगून पाहिलं. पण दगडाखाली काय ठेवायचं, हा व्हर्नाचा प्रश्न होता. दगडाऐवजी तिनं भिंतीत नवा डबा ठेवला, संकेतस्थळावर आकडे बदलले, आणि गुरुवार धरले. हा डबा आहे तोवर मर्व्हचं काहीतरी चालू आहे, असं ती धरून चालली होती, आणि ते मोडायला ती तयार नव्हती.

त्या गुरुवारी पार्कातल्या टेबलाशी एक म्हातारं जोडपं खिमा भरलेली मीट-पाय पेस्ट्री खात बसलं होतं. शेजारी कॅरॅव्हॅन उभी. माणसाच्या गळ्यात जुन्या धाटणीचं पिवळं यंत्र लोंबत होतं, म्हणजे आपल्यातलाच, हे व्हर्नानं लांबूनच ओळखलं. तिनं भिंतीत हात घातलेला पाहून तोही ओळखून हसला. नाव नेव्हिल हॅडो, बायको आयरिस, घर विकून देशभर हिंडणारी मंडळी.

"डबा तुमचा होय? झकास जागा निवडलीत हो," नेव्हिल म्हणाला. "मुळांत काय, साखळी काय. हल्ली एवढं कोण करतं? जिथं तिथं मेले प्लास्टिकचे डबे."

व्हर्नाच्या हातात प्लास्टिकचाच डबा होता. तिला वाटलं, म्हातारा चेष्टा करतोय.

तेवढ्यात त्यानं खिशातून एक वस्तू काढून टेबलावर ठेवली. रेड गमचा मासा. डोळा खिळ्यानं पाडलेला, शेपूट डावीकडे कललेलं. व्हर्नानं तो उचलला. लाकूड ओलसर होतं आणि त्याला नुकत्या कापलेल्या लाकडाचा वास येत होता. खाली ठेवला तेव्हा तिच्या तळव्यावर लाल भुसा राहिला.

"आत मासेच मासे आहेत," नेव्हिल म्हणाला. "तळाशी भुशाचा हा एवढा थर. कोरणारा तिथंच बसून कोरतो की काय?"

२

तिनं विचारलं, कुठलं झाड. नेव्हिलनं तोंडातल्या घासासकट अंगठा खांद्यावरून मागे, नदीकडे दाखवला. आयरिसनं मान वळवून पाहिलं. तिकडे कुंपणाचे खांब, तारा, आणि तारांपलीकडे रिकामं आभाळ. ती म्हणाली की याला घरात स्वतःचा चष्मा सापडत नाही, याच्या झाडाचं काय घेऊन बसलात. मग नेव्हिलनंही वळून पाहिलं, जरा घोटाळला आणि म्हणाला की थोडं पुढं असेल मग, वळणावर. आपण तर यंत्रातून डोळे काढले नव्हते, बाण नेईल तिकडे गेलो.

"आणि कुंपण कसं ओलांडलंत?" व्हर्नानं विचारलं.

"कुंपण? मला कुठं कुंपण लागलं नाही."

त्याच्या यंत्रात जुने आकडे होते, एवढं तिला कळलं. तीन वर्षांपूर्वी या बाजूला यायचं म्हणून त्यानं यादी भरून घेतली होती, मग आयरिसच्या गुडघ्याचं निघालं, आणि यादी तशीच राहिली. जुने आकडे म्हणजे झाडाचे. पुरात झाडाखालची सगळी जमीन वाहून गेली होती. ती जागा आता पाण्याच्या वर, हवेत होती.

घरी येऊन तिनं बटाटे सोलायला घेतले आणि हात धुवायचे राहिले. लाल भुसा सालींना लागला. ती मनाची समजूत घालत राहिली. मर्व्हनं आयुष्यात शेकडो मासे कोरले असतील. डबा वाहत खाली कुठंतरी लागला असेल, कुणाला तरी मिळाला असेल, त्यानं वळणावरच्या झाडात बांधला असेल. लाकूड ओलं, कारण नदीकाठची हवा ओली. सगळं नीट बसत होतं. फक्त वळणावर रेड गम नव्हता, तिकडे सगळे विलो होते, आणि हे तिला चांगलं ठाऊक होतं.

जेवण तसंच झाकून ठेवून तिनं खालचा खण उघडला. मर्व्हचं यंत्र चहाच्या टॉवेलात गुंडाळलेलं होतं. त्या दिवशी त्यानं ते नेलं नव्हतं. स्वतःच्या डब्यापाशी जायला यंत्र कशाला लागतंय. तिनं टीव्हीच्या रिमोटमधले सेल काढून त्यात घातले. यंत्र पीं करून सुरू झालं, थोडा वेळ आभाळ चाचपत राहिलं, आणि मग पडद्यावर बाण आला. बाण नदीकडे होता.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन चांगलं वर आल्यावर ती पार्कात गेली. मुद्दामच उन्हात गेली. कुत्र्याला फिरवणारी एक बाई होती, गवतात पांढरे काकाकुवे कंद उकरत होते. पुराच्या खुणांचा जुना खांब होता तिथेच होता. कुठल्या सालात पाणी कुठवर चढलं, ते त्यावर रंगवलेलं. पुरातून तेवढाच वाचला होता, आणि त्याच्या पुढं साताठ पावलांवर नवं कुंपण, कुंपणापुढं तुटलेला काठ. खाली खोलवर पाणी. पुरानंतर त्या पट्ट्यात गवताची काडी उगवली नव्हती, नुसती पिवळी माती.

मर्व्ह नवशिक्यांना एक गोष्ट घोकवून सांगायचा. शेवटच्या दहा पावलांना यंत्र खिशात घाला आणि डोळे वर करा. यंत्र तुम्हाला जागेपाशी नेतं, डबा दाखवत नाही. जो शेवटपर्यंत पडद्यात बघत चालतो तो ओढ्यात तरी पडतो नाही तर काट्यात. व्हर्नानं ठरवलं की आज आपण उलट करायचं. नेव्हिल चालला तसं चालायचं. कुंपण पोटाला लागेल, थांबू, आणि म्हाताऱ्याची गोष्ट तिथंच मिटेल.

ती पडद्यात बघत निघाली. वीस मीटर. खांब डाव्या अंगाला गेला, तिनं त्याला हात लावून खात्री केली. सोळा. चौदा. आता कुंपण, आता लागेल, म्हणून तिनं एक हात पुढं धरला. अकरा. हाताला काही लागलं नाही. पायाखाली काहीतरी कुरकुरलं. दहा. पुन्हा कुरकुरलं, आणि मग तिच्या ध्यानात आलं की आपण वाळलेल्या पानांवरून चालतोय. रेड गमची लांबट पानं आणि सालीचे तुकडे. नऊ. यंत्राच्या कडेखाली तिला ती दिसतसुद्धा होती. वर सावली होती. मानेवर लागणारं ऊन गेलं होतं.

आणि समोरून आवाज येत होता. खर्र. थांबून पुन्हा खर्र. लाकडावर चाकू ओढल्याचा, सावकाश, घाई नसलेला.

व्हर्नानं मान वर केली.

समोर नदी होती. कुंपण तिच्या पाठीमागं होतं आणि तिच्या उजव्या बुटाचा पुढचा भाग काठाच्या बाहेर होता. बुटाखालून मातीचं ढेकूळ सुटलं, आणि ते पाण्यात पडल्याचा आवाज यायला बराच वेळ लागला. ती तशीच मागच्या मागे बसली आणि रांगत तारांखालून आत आली. स्वेटर तारेत अडकून उसवला. ती घाबरली होती हे खरं. पण खांबाला टेकून बसल्यावर तिला रडू फुटलं ते भीतीनं नव्हे. तिनं मान वर केली म्हणून आवाज थांबला होता.

४

नेव्हिलला सांगायलाच हवं होतं. काय सांगायचं ते तिला माहीत नव्हतं. ते आकडे पुसून टाका, एवढं तरी. ती तशीच फाटक्या स्वेटरनं कॅरॅव्हॅन पार्कात गेली. आयरिस छत्रीखाली गुडघा वर ठेवून शब्दकोडं सोडवत होती. तिनं चहा विचारला. नेव्हिल नव्हता.

"मासा घेतला ना त्यानं, आणि बदल्यात ठेवली काय, तर पेट्रोल पंपावरची कोआलाची किल्लीसाखळी," आयरिस सांगू लागली. "तेव्हापासून मनाला लावून घेतलंय. हातानं कोरलेली वस्तू, आणि आपण कचरा ठेवून आलो म्हणे. तोडीस तोड हवी. अहो, लोकांचे पैसे बुडवणारे शांत झोपतात आणि हा किल्लीसाखळीसाठी जागतो."

"आता कुठं आहेत ते?"

"आजोबांचं होकायंत्र घेऊन गेलाय. ते ठेवायला. मी म्हटलं, अरे, ते घरातलं आहे. ऐकतोय कुठला."

"केव्हा गेले?"

आयरिसनं चष्मा काढून तिच्याकडे पाहिलं. "आत्ताच. तुमची चुकामूक झाली असणार. का हो, काय झालं?"

व्हर्ना धावत गाडीकडे गेली. तिनं गाडी फिरवली. एरवी ती शाळेच्या रस्त्यावर गोगलगायीसारखी चालवायची. त्या दिवशी शाळा कधी मागे पडली ते तिला कळलं नाही. तिला एकच दिसत होतं. नेव्हिल काटेकोर माणूस आहे. तो झाडाखाली बसेल, डबा उघडेल, होकायंत्र नीट ठेवेल, साखळी लावेल. आणि मग काम झालं की कोणीही करतो तेच करील. कमरेवर हात ठेवून मान वर करील.

५

नेव्हिलची टोपी पार्कातल्या टेबलावर होती आणि नेव्हिल नव्हता.

मग तिला त्याचा आवाज ऐकू आला. कुंपणापलीकडून, जिथं आभाळाखेरीज काही नव्हतं तिथून, तो कुणाशी तरी गप्पा मारत होता.

"...नाही हो, मला साधं पेन्सिलीला टोक काढता येत नाही," तो म्हणत होता. मग थांबला, जसं माणूस समोरच्याचं ऐकतो. "असं होय? आणि एकाच चाकूनं?"

तिनं तोंड उघडलं आणि मिटलं. हाक मारली तर तो मान वर करणार. वर बघू नका म्हटलं, तर आधी वरच बघणार. आणि ती नुसती इथं उभी राहून तिकडे बघत राहिली तर? तिनं झटकन नजर खाली टाकली. आपल्या बघण्यानं त्याच्या पायाखालचं काही निसटेल की काय, हेसुद्धा तिला ठाऊक नव्हतं. ती बुटांकडे बघत खांबापर्यंत गेली, डावा हात खांबाला घट्ट धरला, आणि उजव्या हातानं मर्व्हचं यंत्र काढून त्यात डोळे घातले. बाण समोर. यंत्राच्या वरच्या कडेपलीकडे, नजरेच्या टोकाला, पिवळी माती असायला हवी होती. तिथं वाळलेली पानं होती.

आता आवाज नेहमीचा निघाला पाहिजे. ती घरात दूधवाल्याशी बोलते तसा.

"नेव्हिल," ती म्हणाली, "तुमच्या यंत्रातले आकडे जुने आहेत."

"कोण, व्हर्ना?" पानं कुरकुरली. "अहो, बरं झालं आलात. हे इथं—"

"आधी आकडे दुरुस्त करून घ्या. यंत्र हातात आहे ना? मी सांगते, तुम्ही दाबा. नाहीतर संकेतस्थळावर तुमचा हा शोध धरणार नाहीत."

शोध धरणार नाहीत, ही धमकी नेव्हिलला पुरली. तिला बटणाचा पीं ऐकू आला.

"सांगा," तो म्हणाला.

तिनं भिंतीतल्या डब्याचे आकडे सांगायला सुरुवात केली. पाठच होते ते. एकेक आकडा ती सांगे, तो पुन्हा म्हणे, पीं वाजे. मध्येच तो थांबला.

"सात की नऊ? हे इथं म्हणतायत की बदलायची काय गरज आहे."

खर्र, असा आवाज आला. लाकडावर चाकू.

"नऊ," व्हर्ना म्हणाली. खांबाचा रंग तिच्या नखांत गेला होता. "त्यांचं ऐकू नका. डबा माझा आहे. नऊ."

पीं.

राहिलेले आकडे तिनं सांगितले. नेव्हिल म्हणाला, बाण फिरतोय, थांबा, हं, आता तुमच्याच बाजूला दाखवतोय. तिनं सांगितलं की मग या बाणामागून, अगदी बाणाबरहुकूम, डोळे यंत्रातच ठेवून. मोजणी पडद्यावर नीट दिसली पाहिजे. तो हसला आणि म्हणाला की तुम्ही तर माझ्याहून खडूस निघालात.

पानांत पावलं वाजू लागली. कुरकुर, कुरकुर. यंत्राच्या कडेपलीकडे तिला आधी त्याच्या जोड्यांची टोकं दिसली, पांढरी, रबरी तळव्यांची. ती जवळ येत होती. व्हर्ना श्वास धरून उभी होती. आणि मग तिला कळलं की पावलांचा आवाज एका माणसाचा नाही.

पांढऱ्या जोड्यांच्या मागं दुसरे बूट होते. जड, तपकिरी, चिखल वाळून पांढरट झालेले. एका बुटाची नाडी तपकिरी होती. दुसऱ्याची तुटली होती, तिच्या जागी हिरवी मासेमारीची दोरी ओवलेली होती. ती दोरी व्हर्नानं स्वतः कापून दिली होती, स्वयंपाकघरातल्या कात्रीनं, नवी नाडी आणेपर्यंत चालेल म्हणून. बुटांच्या टोकांवर लाल भुसा पडला होता.

नेव्हिलचे जोडे तिच्या बुटांना भिडले. तिनं त्याची बाही पकडली आणि त्याला आपल्या मागे ओढलं. तपकिरी बूट मात्र थांबले. चार पावलांवर, पानांत, टोकं तिच्याकडे करून. मान जराशी वर केली असती तर तिला गुडघे दिसले असते. मग हात. मग पुढचं.

व्हर्नानं डोळे मिटले आणि नदीकडे पाठ केली.

६

नेव्हिल गवतात बसला. त्यानं कुंपण पाहिलं, कुंपणापलीकडचं पाहिलं. व्हर्नानं गाडीतल्या थर्मासमधला चहा झाकणात ओतून दिला. त्यातला निम्मा त्याच्या गुडघ्यावर सांडला. काकाकुवे पुन्हा उतरून गवत उकरायला लागले होते.

होकायंत्र त्याच्या खिशातच होतं. त्या माणसानं ठेवू दिलं नाही, असं तो म्हणाला. तोडीस तोड झाली आहे, आणखी काही नको, म्हणाला. एवढंच म्हणाला की निरोप तेवढा न्या.

"चेहरा कसा होता?" व्हर्नानं विचारलं.

"चेहरा कुठं बघितला मी. डब्यात बघत होतो, त्याच्या हाताकडे बघत होतो. कोरतो सुरेख." नेव्हिलनं झाकण दोन्ही हातांत धरलं. "निरोप तुम्हाला असेल असं मला तेव्हा वाटलं नाही. तो म्हणाला, व्हर्नला सांगा, वर बघायची गरज नाही."

तिला व्हर्न म्हणणारा माणूस जगात एकच होता.

तिनं नेव्हिलच्या यंत्रातून जुने आकडे आपल्या हातानं पुसले, त्याला कॅरॅव्हॅनपाशी सोडलं, आणि आयरिसला सांगितलं की याला चक्कर आली होती, उद्या गाडी तुम्ही चालवा. आयरिसनं तिचा हात बराच वेळ सोडला नाही. 

७

संकेतस्थळावर डबा बंद करायला चार बटणं दाबावी लागतात. व्हर्नानं त्या रात्री ती दाबली. जुने आकडे वापरू नका, काठ तुटला आहे, असं ठळक अक्षरांत लिहिलं. तेवढ्यानं होण्यासारखं नव्हतं, हेही तिला कळत होतं. नेव्हिलसारख्या जुन्या याद्या अजून किती जणांच्या यंत्रांत पडून असतील, कुणास ठाऊक.

सकाळी तिनं भिंतीतला प्लास्टिकचा डबा काढून गाडीत टाकला आणि मर्व्हचं यंत्र घेऊन खांबापाशी उभी राहिली. हेच एक यंत्र तिला पुन्हा तिथं नेऊ शकत होतं. घरात ठेवलं असतं तर आज ना उद्या तिनं ते खणातून काढलं असतं. कदाचित आजच संध्याकाळी, चहाच्या वेळी. काल रात्री अंथरुणात तिनं दहा पावलं मनात चालून पाहिली होती आणि ती अजिबात कठीण नव्हती. मान खाली घालून चालायचं आणि पुन्हा कधी वर करायची नाही. तिथं सावली होती. आणि तो होता. तिच्यापाशी याच्यापेक्षा मोठी कुठली गोष्ट उरली होती?

तरीही ती यंत्र फेकायला आली होती. का, ते तिला नीट सांगता आलं नसतं. पण नेव्हिलच्या हातातलं झाकण सारखं थरथरत होतं, आणि तो जिवंत होता, आणि चहा गरम होता. हे तिच्या मनातून जात नव्हतं.

तिनं डोळे मिटले. त्याची शेवटची वस्तू पाण्यात जाताना बघणं तिच्यानं झालं नसतं. हात मागे नेऊन तिनं यंत्र कुंपणावरून लांब फेकलं.

पाण्याचा आवाज आला नाही. पानांत काहीतरी पडलं. वाळलेल्या पानांत, फार लांब नाही.

व्हर्ना तशीच उभी राहिली. मानेवरचं ऊन गेलं. खर्र, असा आवाज आला. थांबून पुन्हा खर्र. मग चाकू मिटल्याचा खटका, आणि कुणीतरी भुसा फुंकला.

"हं," तो म्हणाला.

तिच्या डोळ्यांतून पाणी येऊ लागलं, पापण्या मिटलेल्या असूनही. त्याच्याशी बोलायचं तिनं दोन वर्षं साठवून ठेवलं होतं. डबा काढून आणायची एवढी काय घाई होती. दगड कसा हवाय तुला. बटाटे तुझ्याशिवाय संपत नाहीत. पानांत एक पाऊल वाजलं, मग दुसरं. तिला त्याच्या कोटाचा वास आला. ओला कोट, तंबाखू आणि लाकूड. आता त्यानं हात पुढं केला असता तर खांबापर्यंत पोचला असता.

"मर्व्ह," ती म्हणाली, "मी आता वर बघणार आहे."

पावलं थांबली.  तिनं थोडा वेळ वाट पाहिली, कारण घाई तिलाही नव्हती.

मग तिनं मान वर केली आणि डोळे उघडले. कुंपण होतं, ऊन होतं, पलीकडे रुंद तपकिरी नदी होती, आणि दोन्हींच्या मध्ये कोणी नव्हतं.

तेव्हा कुठं खालून, खोलवरून, यंत्र पाण्यात पडल्याचा आवाज आला.